जुन्या अमेरिकन नॅशनल बँक नोटेची किंमत ठरवताना आधी काय पाहावं

नोटेवरचं साल आधी बाजूला ठेवा. ‘सिरीज 1902’ छापलेली नोट 1920 च्या दशकातलीही असू शकते. आधी पाहायचं ते बँकेचं नाव, गाव आणि चार्टर क्रमांक (सरकारने परवाना देताना त्या बँकेला दिलेला क्रमांक). 1863 ते 1935 या काळात हजारो स्थानिक बँकांच्या नावाने या नोटा निघाल्या. किंमत ठरते ती त्या बँकेच्या किती नोटा आज शिल्लक आहेत यावर. न्यूयॉर्क-शिकागोच्या बड्या बँकांच्या नोटा ढिगाने मिळतात. एखाद्या खेड्यातल्या, लवकर बुडालेल्या बँकेची मळकी नोटही त्यांच्या कोऱ्या नोटेपेक्षा महाग जाते.

1929 च्या छोट्या नोटांवर (सुमारे 156 × 66 मिमी) तपकिरी शिक्का असतो. या छोट्या नोटांचे छपाईनुसार दोन प्रकार आहेत, टाइप 1 आणि टाइप 2. टाइप 2 मध्ये चार्टर क्रमांक तपकिरी शाईत अनुक्रमांकाशेजारी आणखी दोनदा छापलेला दिसतो. तो टाइप बहुधा कमी सापडतो, पण बँकेगणिक हिशेब बदलतो. इथे एक हमखास फसगत होते: त्याच वर्षीच्या फेडरल रिझर्व्ह बँक नोटांवरही (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेतल्या प्रादेशिक बँकांच्या नोटा) ‘नॅशनल करन्सी’ आणि तपकिरी शिक्का असतो. चार्टर क्रमांक मात्र नसतो.

1929 च्या आधीच्या मोठ्या आकाराच्या नोटांवर बँक अधिकाऱ्यांच्या सह्या भिंगाखाली तपासा. पेनाची ठसठशीत सही भाव वाढवते; रबरी शिक्क्याची पुष्कळदा उडालेली असते. ती गिरवू नका. नोट धुणं, इस्त्री करणं तर नकोच. कागदाचा कस जातो आणि ग्रेडिंगवाले (नोटेच्या अवस्थेला दर्जा देणारे तज्ज्ञ) ते लगेच ओळखतात. नोट उजेडासमोर धरून टाचणीची छिद्रं मोजा.

भाव पाहायचा तो लिलावात प्रत्यक्ष विकला गेलेला, त्याच चार्टरचा. विक्रेत्याने मागितलेला नव्हे.