प्रभूची वाट पाहताना या चुका टाळा

३१ डिसेंबरची वॉचनाइट उपासना, म्हणजे वर्ष सरताना रात्री होणारी प्रार्थना, संपत आली की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलच्या वचनांच्या कार्डांची ताटली फिरते. एका वर्षी माझ्या हाती यिर्मया २९:११ आलं, देवाच्या मनातल्या हिताच्या संकल्पांचं. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. कार्ड पर्समध्ये ठेवताना मनात हिशेबही मांडून झाला: म्हणजे याच वर्षी. ते वर्ष गेलं, पुढचंही गेलं. कार्डाचे कोपरे मऊ पडले, तेव्हा कुठे मी बायबल उघडून त्याच्या आधीचं वचन वाचलं. तिथे सत्तर वर्षं लिहिली आहेत.

आमच्या वाट पाहण्याचा शेवट काय झाला, ते मी मुद्दामच सांगणार नाही. शेवट गोड सांगितला की लोक त्यातून उपासांची संख्या शोधतात, कडू सांगितला की आमच्या विश्वासात काय कमी पडलं ते शोधतात. चुका मात्र सांगते. बहुतेक मी स्वतः केल्या आहेत, उरलेल्या जवळून पाहिल्या आहेत.

वचनावर आपली तारीख चिकटवणं

माझ्या कार्डावरचं वचन यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातलं आहे. ते पत्र यरुशलेमेहून बाबेलला गेलं होतं, बंदिवान करून नेलेल्या लोकांना. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत मंदिराची पात्रं, राजा, बंदिवान सगळे परत येतील. यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून तो मोडूनही दाखवतो. यिर्मया त्याला आधी ‘आमेन’ म्हणतो, हे मला फार आवडतं. त्यालाही ते खरं व्हायला हवंच होतं. पण देवाचा शब्द सत्तर वर्षांचाच निघाला.

हनन्या आजही भेटतात. ‘येत्या जूनपर्यंत तुझ्या मांडीवर बाळ असेल’ असं डोक्यावर हात ठेवून सांगणारे मला दोन जण भेटले. जून आला आणि गेला, ते काही पुन्हा फिरकले नाहीत. तारीख चुकली की सांगणारा सुटतो आणि आपल्याला देवच खोटा वाटायला लागतो.

म्हणून कार्ड हातात आलं की अख्खा अध्याय वाचा. वचन कोणाला, कोणत्या अडचणीत लिहिलं होतं ते पाहा. कोणी तारीख दिलीच तर ती एकट्याने जपून ठेवू नका, आपल्या पाळकांना किंवा एखाद्या जाणत्या विश्वासणाऱ्याला सांगा. आणि ‘उद्या अमक्याचा फोन आला तर देवाचा होकार’ असली लोकर अंगणात पसरण्याआधी एवढं आठवा की देवाकडे खूण मागायला लोकर पसरणाऱ्या गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं. लोकर ही त्याची धाकधूक होती. देवाने ती सांभाळून घेतली, पण म्हणून तिची पद्धत होत नाही.

बाकीचं आयुष्य अडवून ठेवणं

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. आमच्या घरातली लहान खोली आम्ही सहा वर्षं रिकामी ठेवली. तिथे कपाट लावलं नाही, टेबल ठेवलं नाही, कारण ती ‘बाळाची’ होती. मी बी.एड.चा फॉर्म दोनदा आणून भरला नाही. मध्येच दिवस राहिले तर? रविवारशाळेची जबाबदारीही त्याच कारणाने नाकारली. याला मी विश्वास म्हणत होते.

त्याच पत्रात, माझ्या कार्डावरच्या वचनाच्या सहा वचनं आधी, देव बंदिवानांना काय करायला सांगतो? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्या शत्रूच्या शहरातून सुटायची वाट पाहायची, त्याच शहराचं भलं मागायचं. मळा लावणारा माणूस उद्या निघायच्या बेतात नसतो. तरीही सुटकेचं वचन त्याच लोकांना, त्याच पत्रात दिलेलं आहे.

आपल्याकडचं उदाहरण केडगावचं. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी कोण पुढे येतं असं विचारलं, तेव्हा ७० जणी उभ्या राहिल्या. त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमधलं संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, जूनमध्ये आलं. मधले महिने दुष्काळातून आणलेल्या मुलींचं शिक्षण, शेती, विणकाम, स्वयंपाक काही थांबलं नव्हतं, एवढ्या पोरींच्या घरात ते थांबून चाललंही नसतं. रमाबाईंनी केलेलं संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर तर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या १९२२ मध्येच गेल्या होत्या.

‘ते झालं की मग करू’ हे वाक्य आठवड्यातून किती वेळा तोंडात येतं, एवढंच मोजा. माझ्या तोंडी ते रोज असायचं.

सातव्या दिवशी धीर सोडणं

इस्राएलाचा राजा शौल, शमुवेल संदेष्टा येऊन बली अर्पण करेल म्हणून, गिलगालात सात दिवस थांबला. पलिष्टी मिखमाशात जमले होते, त्याची माणसं पांगत होती, शमुवेलाचा पत्ता नव्हता. त्याने स्वतःच होमबली अर्पण केला, आणि तो संपतोय न संपतोय तोच शमुवेल दारात. शौलाने दिलेली कारणं वाचून बघा, एकही खोटं नाही. घाईची कारणं बहुधा खरीच असतात, म्हणून तर ती पटतात.

देवाने संततीचं वचन दिलेल्या अब्रामाचं (पुढे अब्राहाम) आणि त्याची बायको साराय हिचंही तेच. कनानात दहा वर्षं काढल्यावर सारायने आपली दासी हागार पुढे केली. इश्माएल झाला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा होता. पुढचंच वचन उघडतं ते त्याच्या ९९ व्या वर्षी. मधल्या १३ वर्षांबद्दल एक अक्षर नाही. प्रवचनांत अब्राहामाच्या चुकीबद्दल बरंच ऐकलं, पण त्या घाईची किंमत हागारेने भरली हे फार कमी वेळा ऐकलं. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

म्हणून आडवाट दिसली की मी एक गोष्ट पाहते: आपल्या घाईचं बिल कोणाच्या नावावर फाटतंय? संस्थेत चिकटण्यासाठी पैसे मोजले, तर पात्र असलेला दुसरा कोणी बाहेर राहतो. मुलीचं वय वाढतंय म्हणून चौकशी न करता स्थळ पक्कं केलं, तर आयुष्य तिला काढायचं आहे.

औषध बंद करणं

हे थोडक्यात, पण ठाम. प्रार्थना चालू आहे म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या, इन्सुलिन किंवा तपासण्या बंद करू नका. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं. आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावला. वचन आणि लेप एकाच प्रसंगात आहेत. ‘गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी’ असं कोणी म्हणालं तर त्यांना २ राजे २० वाचायला द्या.

हसऱ्या चेहऱ्याने साक्ष देत राहणं

साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगताना, आमच्याकडे फक्त निकाल लागलेले उभे राहतात. वाट पाहणारे मागच्या बाकावर, ‘प्रभूची स्तुती असो, सगळं छान’ म्हणत. मीही तेच म्हणायचे. मग घरी आल्यावर प्रार्थना व्हायची नाही. गुडघे टेकले की तोंड कोरडं. मला वाटायचं विश्वास आटला. खरं तर खोटं बोलून बोलून जीभ थकली होती.

दावीदाच्या तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत चारदा एकच प्रश्न आहे: कोठवर? ८८ वं स्तोत्र तर काळोखातच संपतं, शेवटी एकही उजळ ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपले शब्द सुचत नसतील तेव्हा ही दोन स्तोत्रं मोठ्याने वाचा, दार लावून. मला सुरुवातीला शरम वाटली. तिसऱ्या दिवशी रडू आलं, आणि आठवड्याने प्रार्थना परत सुरू झाली. मागणं तेच होतं, फक्त आता मी देवाशी बोलत होते, त्याच्यासमोर भाषण करत नव्हते.

महिनोन् महिने झोप लागत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर मात्र स्तोत्रावर भागवू नका. घरात कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

आणि मंडळीतल्या बाकीच्यांची चूक

शिलोच्या मंदिरात मूल नसलेली हन्ना ओठ हलवत मुकाट्याने प्रार्थना करत होती, आणि एली याजकाला ती प्यायलेली वाटली. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांचं चांगलं काम. तोंड उघडल्यावर ते त्याचं पाप शोधत बसले. आम्हालाही विचारलं गेलं, घराण्यात कोणी मूर्तीला नवस केला होता का, क्षमा करायची कोणाला राहिली आहे का. लग्नघरात भेटणाऱ्या मावश्यांचं ‘गुड न्यूज कधी?’ ते वेगळंच.

आमच्या मंडळीत एक वयस्कर बाई होत्या. आठवड्यातून एकदा दुपारी पिशवीत काहीतरी निवडायला घेऊन यायच्या, मेथी, घेवडा, कधी तांदूळ. दोघी मिळून निवडायचो. मुलाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. निघताना एका वाक्याची प्रार्थना करायच्या आणि निवडलेली निम्मी भाजी आमच्या ओट्यावर ठेवून जायच्या.