पहिला पंक अल्बम कोल्हापुरातच रेकॉर्ड करायचा तर

अल्बम तीस-बत्तीस मिनिटांचा ठेवा. 'द डॅम्ड' या ब्रिटिश पंक बँडचा पहिला अल्बम १९७७ मध्ये स्टिफ या स्वतंत्र लेबलनं काढला, त्यातही बाराच गाणी होती.

पैसा आणि वेळ ड्रमवर घाला. उद्यमनगरातलं शेड स्वस्तात मिळतं, पण दिवसा शेजारचं लेथ माईकमध्ये शिरतं, जुलैत पत्र्यावरचा पाऊस. गणपतीत तर डॉल्बीपुढं कुणाचं काही चालत नाही. रात्री नऊनंतर बसा. भिंतींवर जाड वाकळा टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून; चिकटवून टांगल्या तर फक्त वरचा आवाज मरतो आणि खोली घुमतच राहते.

चार माईक पुरतात: किक म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला एक, स्नेअर म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमला एक, आणि दोन ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर लावलेले. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सुतळीनं मोजून सारख्या अंतरावर लावा. एक जरी थोडा सरकला, तरी स्नेअर पोकळ वाजतो आणि मिक्सिंगमध्ये तो भरून येत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, सर्वांत मोठा ठोका मीटरवर उणे १० डीबीच्या आसपास.

ड्रम, बास, गिटार एकदमच वाजवा. क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, लावायचाच असेल तर फक्त ड्रमरच्या कानात. गिटार नंतर दुसऱ्यांदा घ्या, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि गेन, म्हणजे गिटारचा आवाज फाटवणारी पातळी, स्टेजवरच्यापेक्षा कमी. दोन्हीकडं पूर्ण डिस्टॉर्शन ठेवलं की कॉर्डचा चिखल होतो.

घरघर येत असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन कापा म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकलं तर माईकला ओठ लागताच शॉक बसू शकतो.

गाणं शेवटी, एका दिवसात तीनच. ओरडून घसा बसतो. बोली मात्र पुसू नका, 'कुठं'चं 'कुठे' केलं की सगळा नाद गेला.

लेबलशी कागद रेकॉर्डिंगच्या आधी करा: मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग कुणाचं, किती वर्षांसाठी, खर्च वसूल झाल्यावर वाटा किती. मास्टर विकू नका, ठरावीक मुदतीचं लायसन्स द्या. डिजिटलसाठी कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, फायली चार आठवडे आधी. शिव्या असतील तर 'एक्सप्लिसिट'वर खूण हवी, नाहीतर गाणं अडकू शकतं.

कॅसेट काढणार असाल तर दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या बसवा, नाहीतर एका बाजूला नुसती रिकामी टेप फिरत राहते.