गाइडबुकमधून नवे ठिकाण शोधताना

प्रवासाचे गाइडबुक उघडल्यावर सुरुवातीच्या ‘अवश्य पाहावे’ या यादीवरच थांबू नये, कारण त्यातील बहुतेक नावे आपल्याला आधीच ठाऊक असतात. त्याऐवजी नकाशा समोर ठेवून, प्रसिद्ध शहरांच्या पलीकडची आणि पुस्तकात थोडक्यात उरकलेली गावे सावकाश वाचावीत. खरा आनंद तेथेच आहे. उझबेकिस्तानवरील पुस्तकात समरकंदनंतरही वाचत राहिल्यास खिवा सापडते, आणि मातीच्या भक्कम तटबंदीत वसलेली त्याची इचान काला ही जुनी नगरी १९९० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, हे कळल्यावर त्या शहराचे वेगळेच आकर्षण वाटू लागते. इतिहासाचे प्रकरण तर मुळीच वगळू नये.

मन एखाद्या ठिकाणी रमले की लगेच हवामानाचा तक्ता पाहावा. दक्षिण गोलार्धातील पॅटागोनियात उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. कल्पना सुचण्यासाठी ग्रंथालयातील जुनी आवृत्तीही उत्तम, मात्र व्हिसाचे नियम, भाडे आणि प्रवेशाच्या वेळा संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच तपासाव्यात.