पाळी जायच्या दिवसांत: आधी कॅलेंडर, मग डॉक्टर

डिसेंबरात तासगावकडच्या द्राक्षबागेत डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, चालू असतं, अंगावर स्वेटर असतो आणि मधेच एखादी बाई घड सोडून पदरानं गळा पुसत उभी राहते. छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, दोन-चार मिनिटांत घाम फुटून उतरते. माझं वर्षभर असंच चाललं होतं.

पहिलं काम, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. पाळी आली की गोल, रात्री घामानं उठलात की फुली. सलग १२ महिने गोल नाही, म्हणजे पाळी गेली. साधारण ४५ ते ५५ मध्ये हे होतं. चाळिशीच्या आतच थांबली तर मात्र वाट बघू नका.

दोनेक महिन्यांच्या खुणा झाल्या की ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. आरोग्य केंद्रात किंवा सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बीपी तपासायला सांगा. धडधड आणि घाम थायरॉईडनंही येतो. वाफा फारच असतील तर हार्मोनच्या गोळ्या चांगल्या लागू पडतात, पण स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गाठ झालेली असेल तर ते आधी सांगा. शेजारणीच्या गोळ्या घेऊ नका. योनीमार्गाच्या कोरडेपणाला क्रीम मिळतं, लाजू नका.

वर्षभर बंद असलेलं रक्त पुन्हा दिसलं, अगदी डागभर, तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि कुणी पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पिशवीबरोबर अंडाशयही काढली तर हा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो.

घरी जाड वाकळेऐवजी दोन पातळ चादरी घ्या, एक फेकता येते. संध्याकाळनंतर चहा आणि मिश्री बंद. दोन्हींनी झोप उडते. हाडांसाठी नाचणी खा, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. रोज भरभर चाला. शेतात राबतो तोच व्यायाम, असं मीही म्हणायची, पण वाकून काम करणं वेगळं.

राहिलं बोलणं. मला हेच सगळ्यात जड गेलं. मन फारच बसलं तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आशाताईंना सांगा, बचत गटाच्या बैठकीत विषय काढा. मी आधी घरातच काढला, भाकरी थापता थापता. जाऊबाईंचा हात परातीतच थांबला.

“अगं, मला वाटलं मलाच बीपी झालाय.”