नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पहिल्यांदा जाताना

आमचा टॉवेलचा धंदा, त्यामुळे नांदेडला जाणं-येणं असतं. सोबत सोलापूरचं कुणी असलं की तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात ठरलेला प्रश्न येतो, "इथं देव कुठला?" म्हणून हे लिहितोय.

निघायच्या आधी खिसे तपासा. मावा, तंबाखूची पुडी, सिगारेट काही असेल तर गाडीतच ठेवा. शिखांच्या खालसा पंथात, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांत, तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे. बाहेर थुंकून आत शिरलो म्हणजे झालं, असं नसतंय.

डोकं झाकायचं, बायकांनीही. मोठा रुमाल घरूनच न्या. चपला काढून, हातपाय धुऊन आत जा.

आत मूर्ती शोधू नका. माथा टेकायचा तो शिखांच्या धर्मग्रंथापुढे, गुरू ग्रंथ साहिबपुढे. 1469 साली तळवंडीत (आता पाकिस्तानातलं ननकाना साहिब) जन्मलेल्या नानकांपासून दहा गुरू झाले. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी 1708 मध्ये नांदेडलाच देह ठेवला. यापुढे गुरू हा ग्रंथच, असं सांगून गेले. त्यांची शस्त्रं इथं आतल्या दालनात जपलेली आहेत. पैसे टाकायची सक्ती नाही. खाली बसा, पाय ग्रंथाकडे पसरू नका, कीर्तन ऐका.

भाषा कळत नाही म्हणून लगेच उठू नका. पाचव्या गुरूंनी, अर्जनदेवांनी, 1604 मध्ये हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात कबीर विणकर, रविदास चर्मकार, शेख फरीद सूफी आणि आपले नामदेव शिंपी यांनाही जागा दिली. नामदेवांची 61 पदं आहेत. पंढरपूरला नामदेव पायरीवर पाय न ठेवता पुढे जाणारी माणसं आपण, आणि त्याच नामदेवांपुढे पंजाबी माणूस रोज माथा टेकतो, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान म्हणून गाव आहे, तिथं नामदेवांचं मोठं स्थान आहे. माझं मत विचाराल तर सोलापूरकराने सनावळ्या पाठ करण्याआधी ही पदं वाचावीत. देव एक, निराकार, निर्भय, निर्वैर. जात बघून तो जवळ करत नाही. ग्रंथाच्या सुरुवातीच्या 'एक ओंकार'चा गाभा हाच, आणि वारकऱ्याला तो परका वाटणार नाही.

बाहेर पडताना कडा प्रसाद मिळतो. कणीक, तूप, साखरेचा असतो. दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या, नको म्हणू नका.

मग लंगर, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून जेवायची पंगत. इथं लाजायचं नाही. पंगतीत जागा मिळेल तिथं बसायचं, शेजारी कोण आहे ते विचारायचं नाही. नाम घ्या, कष्टाचं कमवा, वाटून खा, ही नानकांची शिकवण इथं ताटात दिसते. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. लागेल तेवढंच घ्या, ताटात टाकलेलं अन्न तिथं फार खटकतं. वेळ असेल तर भांडी घासायला बसा, कुणी नाही म्हणत नाही.

सोलापूरहून तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर असा रस्ता आहे. नांदेड लांब वाटलं तर हुमनाबादवरून बिदरला जा, तिथं नानक झिरा साहिब गुरुद्वारा आहे. 1699 मध्ये आनंदपूरला खालसा पंथ उभा राहिला तेव्हा गुरूंनी शीर मागितल्यावर पुढे आलेल्या पाच जणांपैकी, म्हणजे पंजप्याऱ्यांपैकी, साहिबचंद हा बिदरचाच, न्हावी समाजातला. नियम तिथंही हेच.