टुमॉरो: अल्पायुषी बँड तारीखवार कसा ऐकावा

लंडनच्या टुमॉरो या बँडचा ऐवज छोटा आहे: १९६७ ची दोन सिंगल्स आणि फेब्रुवारी १९६८ चा ११ गाण्यांचा अल्बम. तासाभरात ऐकून होतो. शोधताना नुसतं 'टुमॉरो' टाकलं तर भलतीच गाणी येतात, म्हणून गायक कीथ वेस्ट याचं नाव जोडा.

सुरुवात मे १९६७ च्या 'माय व्हाइट बायसिकल'पासून करा. ॲमस्टरडॅमच्या 'प्रोव्हो' या बंडखोर तरुण गटाच्या मंडळींनी कुणीही वापराव्यात म्हणून ठेवलेल्या पांढऱ्या सायकलींवरून ते सुचलं. हेडफोन हवाच. बँडचा गिटारवादक स्टीव्ह हाउ याची गिटार टेप उलटी फिरवून घेतली आहे, त्यामुळे सूर हळूहळू फुगतो आणि पटकन तुटतो. हे नीट कळायला गाण्याची स्वतःकडची फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, कंट्रोल-ए दाबून पूर्ण निवडा आणि इफेक्टमधलं रिव्हर्स चालवा. थोडाच भाग निवडला तर बाकीचं सुलटंच राहतं आणि तुलना फसते. आता गाणं अगम्य होईल, पण गिटारचा टणत्कार आधी आणि विरणं नंतर येईल. वाजवताना हाउने ती अशीच वाजवली होती.

याच सिंगलची मागची बाजू 'क्लॅरामाउंट लेक' मूळ अल्बमवर नाही. ती वेगळी शोधा, नाहीतर राहून जाते.

पुढचं गाणं टुमॉरोचं नाही, तरी इथेच ऐका: 'एक्सर्प्ट फ्रॉम अ टीनएज ऑपेरा'. निर्माता मार्क वर्ट्‌झसोबत कीथ वेस्टने स्वतःच्या नावावर काढलेलं हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. बँडचं एकही सिंगल तिथवर पोचलं नाही. गायक घरोघरी माहीत आणि बँड मात्र क्लबांपुरता, ही फट इथे पडली. म्हणूनच अल्बमच्या वेष्टनावर 'फीचरिंग कीथ वेस्ट' आलं.

मग सप्टेंबरचं 'रेव्होल्यूशन' घ्या. बीटल्सचं त्याच नावाचं गाणं १९६८ चं आहे, गल्लत करू नका.

अल्बम शेवटी. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे मूळ बीटल्सचं गाणं आमच्या मते त्यातली कमकुवत जागा. वेळ 'रिअल लाइफ पर्मनंट ड्रीम'ला द्या आणि ते दोनदा ऐका. अल्बम दुकानात आला तेव्हा ६७ चा हिप्पी बहराचा उन्हाळा सरला होता आणि १९६८ मध्येच बँड फुटला. ड्रमर ट्विंक पुढे 'प्रिटी थिंग्ज' या बँडमध्ये गेला आणि हाउ १९७० मध्ये 'येस' या बँडमध्ये. कान अजून ताजे असतील तर लगेच 'द येस अल्बम' लावा आणि फक्त गिटारीच्या मागे जा.