वाय-फायची रेंज वाढवताय? आधी या चुका टाळा

राउटर लपवू नका. फायबर बसवणारा केबल आत येते तिथेच, दाराजवळ डबा ठोकून जातो आणि घरचे ‘बरं दिसत नाही’ म्हणून तो कपाटात ढकलतात. ओळखीच्या एका घरी राउटर लोखंडी कपाटावर बॅगांच्या मागे होता. मागच्या खोलीत मुलीचे ऑनलाइन क्लास सारखे अडकायचे. घाईघाईत रिपीटर (राउटरची लहर पकडून पुढे देणारा डबा) आणला आणि लावला कुठे, तर रेंज नसलेल्या त्याच खोलीत! जे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, ते तो पुढे काय देणार? मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तिथे उणे ८४ डीबीएम दिसत होते. डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. व्हिडिओ कॉलला उणे ६७ च्या आसपास तरी हवेत. रिपीटर काढला, फायबरची वायर येते तो डबा (इथे राउटरपेक्षा वेगळा) होता तिथेच ठेवला, त्यातून कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढून राउटर पॅसेजमध्ये डोक्याच्या वर टांगला. मागच्या खोलीत उणे ६१. एवढ्या केबलला रिपीटरपेक्षा कमी पैसे लागले. शॉर्टकटवर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

दुसरी चूक अँटेनाची. लोक दांडीचं टोक बेडरूमकडे रोखतात. साध्या दांडीच्या अँटेनाची लहर मेदूवड्यासारखी दांडीभोवती पसरते, टोकाच्या दिशेने सर्वांत कमी. म्हणजे जिथे हवी तिथेच रेंज मारली जाते. एका मजल्याचा फ्लॅट असेल तर दांड्या उभ्या ठेवा. वरखाली खोल्या असतील तर एक आडवी करा. ‘जास्त डीबीआय’ची (डीबीआय म्हणजे अँटेना लहर एका दिशेला किती एकवटते त्याचं माप) मोठी अँटेना राउटरची ताकद वाढवत नाही, तीच लहर चपटी करून आडवी लांब नेते, त्यामुळे वरचा मजला आणखी कोरडा पडतो. शिवाय तुमच्या मोबाइललाही राउटरपर्यंत उत्तर पाठवावं लागतं आणि मोबाइलची स्वतःची ताकद या अँटेनाने वाढत नाही, हे लक्षात घ्या. बऱ्याच राउटरच्या अँटेना निघतच नाहीत, त्या पिरगाळू नका.

राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चॅनेल १, ६ किंवा ११ च ठेवा, ते एकमेकांत मिसळत नाहीत; चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण आरसीसीच्या भिंतीपुढे लवकर दमतं. फिशटँक, मोठा आरसा आणि मायक्रोवेव्हपासून राउटर दूर ठेवा.

फायबरची पिवळी वायर कोपऱ्यात करकचून वाकवू नका. आणि कृपा करून एका वेळी एकच बदल करा, प्रत्येक खोलीत आकडा लिहून घ्या, मगच पुढचा.